उच्च रक्तदाब आणि रोजचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी असणाऱ्यांसाठी आरोग्यशिक्षणाची सत्रं घेताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही सगळ्यांसमोर विचारले जातात. काही मात्र सत्र संपल्यावर, दाराशी थांबून, आवाज खाली आणून. दाराशी येणारे प्रश्न बहुतेक वेळा जास्त मोलाचे असतात, म्हणून इथे तेही घेतले आहेत. ही माहिती प्रौढांसाठी आहे. गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा हृदय कमजोर असेल, तर काही नियम बदलतात. ते डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

वरचं बीपी आणि खालचं बीपी म्हणजे नेमकं काय?

हृदय आवळून रक्त पुढे ढकलतं, तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं, तेव्हाही धमन्यांत जो दाब शिल्लक राहतो तो खालचा. दोन्ही मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. दंडाला गुंडाळून फुगवायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला, आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन्ही आकडे काढण्याची रीत रशियाच्या कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये सांगितली. आता बहुतेक यंत्रांत पारा उरलेला नाही, पण मोजण्याची भाषा तीच राहिली आहे.

‘खालचं वाढलं तरच काळजी करायची’ असं खूपजण मानतात. ते खरं नाही. पन्नाशीनंतर धमन्या कडक होत जातात, आणि त्या वयात वरचा आकडा धोक्याबद्दल जास्त सांगतो. खालचा छान ८० आणि वरचा १६०, हे बीपी नॉर्मल नाही.

किती असलं की ‘हाय’ म्हणायचं?

दवाखान्यात, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर जगभर बहुतेक ठिकाणी त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या पुढे गेली तरी तेच. अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही रेषा १३०/८० वर आणली. म्हणून एक डॉक्टर ‘आहे’ म्हणतात आणि दुसरे ‘सीमेवर आहे’ म्हणतात. दोघांपैकी कोणी चुकलेलं नसतं.

रेषा माणसांनी आखलेली आहे, शरीरात ती कुठेच नाही. ४० ते ६९ वयाच्या लोकांत ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने चढला, की हृदयविकाराने वा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. म्हणजे १३८ वाल्याने निर्धास्त राहावं आणि १४१ वाल्याने घाबरावं, असं काही नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: अनेक मोठ्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर वरचा आकडा १० ने उतरल्यावर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे मोठे आघात सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. या पानावर पुढे पाचसहा अंकांची बेरीज-वजाबाकी वारंवार येईल, ती म्हणूनच.

मला काहीच त्रास होत नाही. मग आजार कसला?

हाच या आजाराचा कावेबाजपणा. डोकं दुखलं की बीपी वाढलं, नाही दुखलं की ठीक, असा हिशेब करणारे बहुतेक वेळा चुकतात. जगात ३० ते ७९ वयोगटातल्या एक अब्जाहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो आहे हेच ठाऊक नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज होता.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ होतं. त्यानंतरही ते युद्धाचा कारभार पाहत होते, निवडणूक लढवून जिंकले. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा डॉक्टरांनी ३००/१९० मोजलं. त्या काळी चांगली औषधं जवळपास नव्हतीच. आज आहेत, अडतं ते यंत्राचा पट्टा दंडाला लागण्यापर्यंत.

घरी बीपी बरोबर कसं मोजायचं?

या प्रश्नाला मी सत्रात सगळ्यात जास्त वेळ देते, कारण चुकीच्या आकड्यावर औषध वाढवलंही जातं आणि अडवलंही जातं.

यंत्र दंडावर बांधायचं घ्या. मनगटावरची यंत्रं हाताच्या स्थितीप्रमाणे सहज फसतात. पट्ट्याचं माप दंडाच्या घेराला जुळलं पाहिजे. जाड दंडावर लहान पट्टा आवळला तर आकडा खोटाच वर दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. मूत्राशय तुंबलेलं असेल तरी दाब चढतो. मग खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं स्वस्थ बसा. पट्टा बाहीवर बांधू नका, उघड्या दंडावर बांधा. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत ठेवला तर आकडा फुगतो.

आणि बोलू नका. हे सगळ्यात अवघड जातं. शेजारी बसलेलं माणूस हमखास विचारतं, ‘किती आलं?’ आणि आपण हमखास उत्तर देतो. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो.

मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, तसंच संध्याकाळी, असं सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं, तोच हात पुढे कायम धरा.

दर वेळी वेगळा आकडा येतो. यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा ठोका देतं आणि दाब प्रत्येक ठोक्याला थोडा बदलतो. झोपेत उतरतो, पहाटे चढतो, भांडणात उसळतो. एका आकड्यावरून निकाल लावणं म्हणजे एका चेंडूवरून सामना ठरवण्यासारखं आहे. आठवड्याची सरासरी पाहा. यंत्राचीच शंका असेल तर ते दवाखान्यात घेऊन जा आणि तिथल्या यंत्राशी ताडून पाहा.

दिवसातून पंधरा वेळा मोजणारेही भेटतात. आकडा पाहून धास्ती, धास्तीने आकडा वर, तो पाहून आणखी धास्ती. अशांना मी यंत्र आठवडाभर कपाटात ठेवायला सांगते.

दवाखान्यात वाढतं, घरी नॉर्मल येतं. खरं कोणतं?

पांढरा कोट दिसला की दाब चढणारी माणसं खूप आहेत. त्यांना लगेच औषध लागेलच असं नाही, पण त्यातल्या काहींना पुढे खरोखरचा उच्च रक्तदाब होतो, म्हणून लक्ष ठेवायला हवं. जास्त फसवा प्रकार याच्या उलटा असतो: दवाखान्यात १३० आणि घरी वा कामावर १५०. हा घरी मोजल्याशिवाय सापडतच नाही. गोंधळ मिटत नसेल, तर चोवीस तास दंडावर राहणारं यंत्र लावतात. ते झोपेतलेही आकडे टिपतं.

मीठ किती चालेल?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं: स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं, बाहेरच्या खाण्यात दडलेलं. जगातला सरासरी माणूस याच्या दुपटीहून जास्त खातो.

मिठातलं सोडियम शरीरात जास्त झालं की ते पाणी धरून ठेवतं, धमन्यांतला द्रव वाढतो आणि भिंतींवरचा दाबही. मूत्रपिंडं जास्तीचं सोडियम बाहेर टाकतात, पण सगळ्यांची सारख्या वेगाने नाही. म्हणून एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांचं बीपी वेगळं असू शकतं. वय वाढलेल्यांना, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना मीठ जास्त बाधतं.

आता कमी कसं करायचं. पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘मीठ चवीनुसार’. पण चव ही सवय आहे, आणि ती हलते. मीठ एकदम निम्म्यावर आणलं तर घरातलं कोणीच जेवणार नाही आणि तिसऱ्या दिवशी बरणी पुन्हा टेबलावर येईल. दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. काही आठवड्यांत जीभ रुळते, आणि मग पूर्वीचंच जेवण खारट लागायला लागतं. हे मी स्वतः अनुभवलं. त्याआधी मलाही ते थापच वाटत होतं. लिंबू, आलं, लसूण, मिरी, ताज्या हिरव्या पानांचा वास यांनी मिठाची उणीव बरीच झाकली जाते. मोजमापासाठी सोपी युक्ती: महिन्याला घरात किती मीठ आणलं जातं ते लिहा, जेवणाऱ्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. उत्तर पाहून बहुतेक जण गप्प होतात.

स्वयंपाकघर सांभाळलं तरी पाकिटं उरतात. पाव, बिस्किटं, चीज, सॉस, झटपट सूप आणि नूडल्स, खारवलेलं मांस यांत भरपूर सोडियम असतं. पाव तर खारट लागतही नाही. लेबलवर ‘सोडियम’ शोधा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. १०० ग्रॅम पदार्थात ६०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असेल तर तो पदार्थ खारटांच्या रांगेतला समजा. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या काही गोळ्यांतही चांगलंच सोडियम असतं, हे कोणाच्या गावीही नसतं.

सैंधव किंवा गुलाबी मीठ खाल्लं तर चालेल ना?

नाही. रंग, दाणा आणि किंमत वेगळी, पण आत जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच.

‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा ‘प्रिल’ अथवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या नावाची किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका.

आहारात आणखी काय बदलायचं? काही खास पथ्य आहे का?

१९४० च्या दशकात वॉल्टर केम्पनर नावाच्या डॉक्टरांनी रुग्णांना जवळपास फक्त भात, फळं आणि फळांचा रस यांवर ठेवलं. अनेकांचं बीपी उतरलं. पण असं किती दिवस जेवणार? ते पथ्य टिकवणं भल्याभल्यांना जमलं नाही.

१९९७ मध्ये ‘डॅश’ नावाच्या आहाराची चाचणी प्रसिद्ध झाली, ४५९ लोकांवर केलेली. भरपूर फळं आणि भाज्या, अख्खी धान्यं, कडधान्यं, दाणे-बिया, कमी चरबीचं दूध-दही; आणि गोड, लोणी-तूप, लाल मांस कमी. मीठ सगळ्या गटांत सारखंच ठेवलं होतं, वजनही उतरू दिलं नव्हतं. तरी उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने खाली आला, आणि फरक दोन आठवड्यांतच दिसू लागला. २००१ च्या पुढच्या चाचणीत याच आहाराला कमी मिठाची जोड दिली तेव्हा आणखी फायदा झाला. यात चमत्कारी पदार्थ एकही नाही. लसूण, बीट, अमुक बी, तमुक काढा यांच्या मागे धावणाऱ्यांना हे उत्तर बेचव वाटतं, पण रोजच्या ताटाचा अर्धा भाग भाजी आणि फळांनी भरणं हे या सगळ्यांपेक्षा जास्त कामाचं आहे.

वजन किती कमी केलं तर फरक पडेल?

ढोबळ हिशेब असा: एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. पाच किलोला पाच. ‘आदर्श वजन’ गाठेपर्यंत थांबायची गरज नाही, पहिल्या किलोपासून फायदा सुरू होतो. पोटाचा घेर वजनकाट्याइतकाच सांगतो.

कोणता व्यायाम आणि किती?

आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालणं, सायकल, पोहणं, जे जमेल ते. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग. नियमित करणाऱ्या बीपीवाल्यांचा वरचा आकडा ५ ते ८ ने उतरतो. एकदा चाललात तरी पुढचे काही तास दाब थोडा खाली राहतो, म्हणून शनिवार-रविवारी कसर भरून काढण्यापेक्षा रोजचं बरं. वजनं उचलायला हरकत नाही, फक्त श्वास रोखून जोर लावू नका; त्या क्षणी दाब खूप उसळतो. बीपी आत्ताच १८०/११० च्या आसपास असेल, किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग बूट.

दारू, सिगारेट, कॉफी?

दारू बीपी वाढवते, आणि जितकी जास्त तितकं जास्त. ‘थोडी हृदयाला चांगली असते’ हे बीपीच्या बाबतीत तरी मनाचं समाधान आहे. जास्त पिणाऱ्यांनी ती कमी केली की दाब चांगलाच उतरतो. मात्र रोज खूप पिणाऱ्याने अचानक बंद करणं धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या मदतीने सोडावी.

सिगारेटचं उत्तर लहान आहे. प्रत्येक सिगारेट काही वेळ दाब चढवते आणि धमन्यांचं नुकसान वेगळं करते. बीपी आणि तंबाखू एकत्र म्हणजे धोक्याचा गुणाकार. कॉफीने काही तास आकडा वर जातो, रोज पिणाऱ्यांचा कमी. एक-दोन कप बहुतेकांना चालतात.

माझं बीपी टेन्शनमुळेच आहे. टेन्शन गेलं की जाईल ना?

ताणाने दाब तात्पुरता चढतो, हे खरं. पण सगळा दोष ताणावर टाकला की मीठ, वजन, दारू यांना हात लावावा लागत नाही, म्हणून हे कारण आपल्याला आवडतं. शांत बसून मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले तर बरं वाटतं आणि आकडाही थोडा उतरतो. करा, पण गोळीच्या जागी नको.

झोपेकडे मात्र कानाडोळा होतो. मोठ्याने घोरणं, घोरता घोरता श्वास अडकणं, सकाळी उठल्यावर थकवा, दिवसा डुलक्या, असं असेल तर झोपेत श्वास थांबण्याचा विकार तपासून घ्या. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही, अशांत हा विकार बऱ्याचदा निघतो. घोरणाऱ्याला तो माहीत नसतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

दुसऱ्या औषधांनी बीपी वाढतं का?

वाढतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेलं नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या. ‘नैसर्गिक’ ज्येष्ठमधही रोज जास्त खाल्लं तर दाब चढवतं आणि पोटॅशियम घटवतं. गुडघ्यासाठी रोज गोळी घेणारी आणि बीपी का उतरत नाही म्हणून त्रासलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात. आपण घेतो ते सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, काढे-चूर्णांसकट.

गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभर लागते. मग लांबवलेली बरी, नाही का?

बहुतेकांना ती दीर्घकाळ लागते, हे खरं आहे. पण गोळीची सवय लागते म्हणून नाही. आजार टिकणारा आहे म्हणून. चष्म्याने डोळे बिघडले असं आपण म्हणत नाही.

‘बीपी नॉर्मल आलं, आता बंद केली’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे. नॉर्मल आलं ते गोळीमुळे. काही औषधं, विशेषतः क्लोनिडीन आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या गोळ्या), अचानक सोडली तर दाब उसळी मारतो. वजन उतरलं, मीठ सुटलं, आकडे महिनोन्महिने खाली राहिले, तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित बंदही करतात. ते टप्प्याटप्प्याने आणि मोजत मोजत व्हायला हवं. उभं राहताना चक्कर येत असेल, किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला; अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात.

(दाराशी विचारलेला) गोळ्यांमुळे शरीरसंबंधात अडचण येते का?

काही गोळ्यांमुळे येऊ शकते, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि बीटा-ब्लॉकर. पण उपचार न केलेला रक्तदाब आणि तंबाखूही त्याच रक्तवाहिन्या खराब करतात. यावर तोडगा असतो, गोळी बदलता येते. लाजेपोटी गुपचूप गोळी सोडणं आणि डॉक्टरांना ‘घेतो’ सांगणं, यात मात्र डॉक्टर दुसरी गोळी वाढवतात आणि गुंता वाढतो. ‘प्रिल’वाल्या गोळ्यांचा कोरडा खोकला आणि ॲम्लोडिपिनने पावलांना येणारी सूज, यांचंही तसंच: सांगा, बदलून घ्या.

सगळं कळतं, पण चार दिवसांच्या पुढे टिकत नाही. काय करू?

नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात. एका सोमवारी मीठ, साखर, सिगारेट सोडून पहाटे धावायला जाणारा माणूस पुढच्या सोमवारी कुठे असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका वेळी एकच गोष्ट धरा, आणि ती आधीच्या पक्क्या सवयीला बांधा: दात घासले की गोळी, जेवण झालं की पंधरा मिनिटं चालणं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.

घरात एकट्यासाठी वेगळं, अळणी शिजवू नका. ते शिक्षेसारखं वाटतं आणि शिजवणाराही कंटाळतो. कमी मीठ सगळ्यांनाच चांगलं आहे, मुलांनाही. एकच भांडं ठेवा. ज्याला जास्त हवं त्याने वरून घ्यावं, आणि बरणी टेबलावर नको, फडताळात हवी. उठून आणावं लागलं की निम्मे लोक उठत नाहीत.

अचानक १८०/१२० च्या वर आकडा आला तर?

आधी पाहा, त्रास काय आहे. छातीत दुखणं, धाप, अर्धं अंग लुळं पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, भ्रम, झटके किंवा कधी नव्हे इतकी भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. पक्षाघातात उपचार त्या वेळेवर ठरतो. गरोदर बाईचं बीपी १६०/११० ला पोचलं तर हीच घाई करा, त्रास नसला तरी.

यातलं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. गोळी राहून गेली होती का ते आठवा. तरी आकडा तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घरातल्या दुसऱ्या कोणाची गोळी घेऊ नका, आपलीच दुप्पट घेऊ नका. जिभेखाली औषध देऊन बीपी झपकन पाडण्याची जुनी पद्धत डॉक्टरांनी सोडून दिली, कारण दाब एकदम कोसळला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. अनेक वर्षं चढलेला दाब तासाभरात उतरवायचा नसतो.